खिडकीसमोरचं सोयाबीन

१

"आबा, रगात हाय," ऋषिराज म्हणाला आणि त्यानं उपटलेलं रोप माझ्या नाकापुढं धरलं.

सोयाबीनचं हिरवंगार रोप. मुळांना ज्वारीएवढ्या, हरभऱ्याएवढ्या गाठी लगडल्या होत्या. त्यातली एक त्यानं नखानं फोडली होती आणि त्याच्या अंगठ्यावर लालसर ओल आली होती. मी दुसरी गाठ फोडून बघितली. आत तांबडंच. तिसरी फोडायची माझी छाती झाली नाही.

मी जयराज, गावचा पोलीस पाटील. आमचं गाव कऱ्हाड आणि इस्लामपूरच्या मधे, कृष्णेच्या काठाला. इथं म्हैस हरवली तरी लोक मध्यरात्री मला उठवतात, आणि सापडली की नारळ मात्र देवापुढं फोडतात. असला हा मान. त्या सकाळी अर्धा गाव बांधावर उभा होता आणि म्हशीपेक्षा फार मोठी गोष्ट हरवली होती.

शेत माझ्या चुलतभावाचं, लालासाहेबाचं. त्याची पोरगी सोनिया आषाढ संपता संपता घरातून गेली ती गेलीच. फोन उशीखाली ठेवून गेली. लग्न ठरलं होतं तिचं, शिरवळच्या एका कारखानदाराच्या पोराशी. चार दिवसांनी नदीच्या चिखलात तिची एक चप्पल सापडली. तिला शेवटचं बघितलं ते कोंडीबा सुताराच्या ज्ञानूच्या मोटरसायकलवर. ज्ञानू म्हणे, "मी तिला फाट्यावर सोडली. पुण्याला जाते म्हणाली." पुण्यात लालासाहेबानं सगळ्या नात्यातल्यांकडं, ओळखीपाळखीच्यांकडं शोधलं. पोरगी नाही. पोलिसांनी ज्ञानूला तीनदा नेलं, तीनदा पुराव्याअभावी सोडलं. गावानं मात्र त्याला सोडलं नव्हतं. त्याच्या घरचं दळण गिरणीत घेत नव्हते की त्यांना दुकानात मीठ देत नव्हते.

आणि आता हे. सगळं शेत पिवळं पडून वाळलेलं, शेंगा खुळखुळतायत, काढणी तोंडावर. अन् शेतातल्या बंद खोलीसमोर एक मोठा तुकडा श्रावणातल्यासारखा काळाभोर हिरवा. कुणीतरी पचकलं, "मढं पुरलं असंल. खत मिळाल्याबिगर असं हिरवं ऱ्हातंय व्हय?" झालं. एका तासात ते गावभर झालं.

ऋषिराज सोनियाचा थोरला भाऊ, सैन्यात आहे. सुट्टीवर आला होता आणि परवा त्याला परत हजर व्हायचं होतं. हातात कुदळ होती.

"हितं खणतो," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता, त्याचीच मला भीती वाटली. "ती घावली की ज्ञानूला खलास करतो. मंग सरकार मला काय करायचं ते करू दे."

मी जाऊन त्या हिरव्या तुकड्यात उभा राहिलो. "आधी माझ्या पायावर मार. आन् खणून मढं निघालं तर पुरावा तुझ्याच कुदळीनं नासंल, येवढी अक्कल वापर. उद्या दुपारपातुर दम धर. मी जाणतं माणूस आणतो."

"उद्या दुपारपातुर," तो म्हणाला. "त्याच्या पुढं मी तुमचंबी ऐकणार न्हाई, आबा."

२

जाणतं माणूस म्हणजे क्षमाबाई. मूळच्या वाईच्या, आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता मलकापुरात राहतात. माझी थोरली त्यांच्या हाताखाली शिकली. त्यांच्या तासाला पोरं झोपायची नाहीत असं ती सांगायची, आणि माझी थोरली कुठंही झोपू शकते, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्कूटीवरून आल्या. सुती साडी, पायात धावायचे बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. बांधावरच्या गर्दीला नमस्कार केला आणि सरळ मातीत बसल्या. ऋषिराजनं पुन्हा एक रोप उपटून, गाठ फोडून दाखवली.

"रक्त," तो म्हणाला.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

बांधावर कुजबुज उठली. ऋषिराजचा हात कुदळीकडं गेला.

"पण सोयाबीनचं स्वतःचं," बाईंनी वाक्य पुरं केलं. "या गाठींत जिवाणू राहतात. हवेतला नत्र पकडून ते झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. पण मोकळा प्राणवायू लागला की त्यांचं काम बंद पडतं, आणि प्राणवायू नसला तर गुदमरतात. मग झाड त्यांच्यासाठी हा लाल पदार्थ बनवतं. तो प्राणवायू धरून ठेवतो आणि लागेल तेवढाच सोडतो. तुझ्या-माझ्या रक्तात जो लाल पदार्थ आहे ना, त्याचा हा भाऊबंद. जिवंत, काम करणाऱ्या प्रत्येक गाठीत असतो. बांधापलीकडच्या कुणाच्याही हिरव्या रोपाची गाठ फोडून बघ."

आमच्यातलाच एकजण पळत जाऊन उशिरा पेरलेल्या रानातलं रोप घेऊन आला. फोडलं. तांबडं.

मी जन्म या मातीत काढला. बाप सोयाबीन पेरत नव्हता, पण मी वीस-पंचवीस वर्षं पेरतोय. पायाखाली, मुळात, रक्तासारखं काही चाललंय हे मला ठाऊक नव्हतं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"मंग ह्येच तेवढं हिरवं का?" ऋषिराजनं विचारलं. तो असा सहजी हटणारा नव्हता.

"तेच बघायचंय," बाई म्हणाल्या आणि तुकड्याभोवती चालायला लागल्या. चालता चालता माझ्याशी बोलत होत्या, पण ऐकू सगळ्यांना येत होतं. "पुरलेल्या जागेवर वाढ झाली असती तर तुकडा वाटोळा झाला असता. खत जास्त पडलं असतं तर पेरणीच्या ओळीनं पट्टा आला असता. पाणी मुरलं असतं तर उताराकडं सरकलं असतं. बियाणं वेगळं असतं तरी ओळच धरली असती. आता तुम्ही बघा पाटील, आकार कसला आहे?"

मी बघितलं. इतके लोक बघून गेले होते, आकार कुणी बघितलाच नव्हता. खोलीच्या खिडकीशी निमुळता, आणि लांब जाईल तसा रुंद. अगदी सुपासारखा. आणि त्या हिरव्या सुपाच्या मधोमध एक पिवळा पट्टा, तोही खिडकीकडून निघून पसरत गेलेला.

"सुपागत हाय," मी म्हणालो.

"असा आकार एकाच गोष्टीचा पडतो." बाईंनी खोलीकडं बोट केलं. "पाटील, या खोलीत रात्री दिवा कोण लावत होतं?"

३

"कुणीच न्हाई," लालासाहेब म्हणाला.

आम्ही त्याच्या सोप्यात बसलो होतो. दोन महिन्यांत हा माणूस निम्मा झाला होता. "पाऊस लागला तवा खोलीला कुलूप घातलं. किल्ली स्वैपाकघरात खुंटीला. आतला बल्ब तर उन्हाळ्यातच गेला हुता. आन् श्रावणभर मी पुण्यात उंबरं झिजवत हुतो, मला शेत दिसलंय कुठं?"

"नदीपलीकडून कुणाला उजेड दिसला असता," मी म्हटलं.

"पल्याड ऊस हाय डोक्याच्या वर. आन् खिडकी नदीकडंच हाय. गावाकडं नुसती पाठभिंत."

क्षमाबाईंनी मान हलवली. मनुबाई, म्हणजे लालासाहेबाची बायको, माझी वैनी, चहा घेऊन आली. डोळे सुजलेले, पण हात स्थिर होते.

"वहिनी, तुम्ही शेतात जात होता का?" बाईंनी विचारलं.

"जात हुते की. श्रावणभर म्हसोबाला नैवेद्य ठेवला, पोरगी घावावी म्हणून. म्हसोबा खोलीच्या अंगालाच हाय. पर मी भाईरच्या भाईरच यायची."

"सोनियाला काय आवडायचं खायला?"

हा काय प्रश्न, असं माझ्या मनात आलं. पण वैनीचा चेहरा क्षणभर फुलला. "भाकरी आन् कच्चा कांदा. पंचपक्वान्न वाढा, तिला कांदा लागणारच. श्रावणात आमच्यात कांदा शिवत न्हाईत, तर पोरगी म्हैनाभर रुसलेली असायची."

लालासाहेबाला हुंदका आला. म्हाळाचा पंधरवडा चालू होता, पितरांना पानं वाढायचे दिवस. तो म्हणाला, "परवा आमच्यात म्हाळ हाय. भटजी म्हणलं, पोरीचं पान ठेवा. ही ठेवू देत न्हाई."

"जित्या माणसाचं पान ठेवत न्हाईत," मनुबाई म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

आईचं काळीज, मी मनात म्हटलं. बाहेर आल्यावर बाईंना विचारलं, "दिव्याचा आन् हिरवेपणाचा काय संबंध वो? बल्बाच्या उजेडानं पीक वाढत असतं तर आमी ऊन सोडून बल्बच लावलं असतं."

बाई हसल्या. मग चालता चालता त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही.

"सोयाबीन दिवस मोजत नाही, पाटील. रात्र मोजतं. त्याच्या पानात एक द्रव्य असतं, उजेड पडला की ते बदलतं, अंधारात हळूहळू परत पहिल्यासारखं होतं. आषाढानंतर रात्री लांबायला लागतात. रात्र पुरेशी लांब झाली की पान कोंबाला सांगावा धाडतं, आता पानं पुरे, फुलं काढ. म्हणून तुमच्या शिवारातलं सगळं सोयाबीन एकदम फुलतं, कुणी दवंडी दिल्यासारखं. पण रात्रीत मधेच उजेड पडला, अगदी मंद का असेना, तर मोजणी मोडते. त्या रोपाला वाटतं, रात्र अजून छोटीच आहे. बाकीच्या शेतात श्रावण आला, भादवा आला. खिडकीसमोरच्या रोपांसाठी दिवा विझेपर्यंत आषाढच चालू होता."

मी रस्त्यातच उभा राहिलो. दोन्ही बाजूला ऊस होता, पलीकडं कुणाची तरी हळद. सगळी गप उभी. आणि ही सगळी रात्रभर मोजत असतात. आपण घोरत पडतो आणि शिवार जागं असतं. मला एकदम देवळात आल्यासारखं झालं, पायातल्या वहाणा काढाव्यात असं वाटलं.

"कवा विझला दिवा?" मी विचारलं.

"आता तो प्रश्न खरा पोलीस पाटलाचा," बाई म्हणाल्या. "हिरव्या रोपांना चपट्या कोवळ्या शेंगा आहेत. म्हणजे फूल आलं, पण उशिरा, दिवा बंद झाल्यावर. शेंगेच्या वयावरून मागं गेलं तर दिवा श्रावण सरताना विझला. आणि बाकीचं शेत फुललं श्रावणाच्या तोंडावर, तेव्हा तो लागलेला होता."

सोनिया गेली आषाढात. म्हणजे ती गेल्यावर, पुरा श्रावण, त्या कुलूपबंद खोलीत रोज रात्री कुणीतरी दिवा लावून बसलं होतं.

४

कोंडीबा सुतारानं दार उघडलं ते फटीएवढंच. बाईमाणूस बघून मग आत घेतलं.

ज्ञानू भिंतीला टेकून बसला होता. गळ्यात अडकवलेला हात, दाढी वाढलेली. गणपतीत कुणीतरी त्याला गाठून मारलं होतं. कुणी ते त्यानं सांगितलं नाही आणि मला कळत नव्हतं असंही नाही.

"मी फाट्यावर सोडली," त्यानं विचारायच्या आधीच पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. "पुण्याची गाडी येतीय म्हणली. मला म्हणली तू जा, कुणी बगंल. मी आलो."

"तिच्याकडं काय सामान होतं?" बाईंनी विचारलं.

"पाठीवर ब्याग. लय जड. मी म्हणलं दगडं भरल्यात का. तर म्हणली, पुस्तकं हायती."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं की. त्यांनी इचारलं, ब्याग कुठं टाकलीस." तो खाली बघत म्हणाला, "बाई, मी तिला काय केलं न्हाई."

"मला माहिती आहे," क्षमाबाई म्हणाल्या.

दोन महिन्यांत त्याला हे कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं मान वर केली, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. काहीतरी विचारायचं होतं त्याला, ओठापर्यंत आलं आणि परत गेलं. पण आम्ही घाईत होतो, थांबलो नाही. दुपार व्हायला आली होती.

५

शेतात ऋषिराज कुदळ घेऊन बसूनच होता. लालासाहेब आला होता, मनुवैनीही त्याच्या मागं डोक्यावर पदर घेऊन उभी होती. बघ्यांना मी बांधावरनं हुसकून लावलं, चार शिव्या जास्तच घातल्या, पण गेले.

बाईंनी ऋषिराजला सुतळीचा गुंडा दिला. "कुदळ ठेव. हे बांध. हिरव्याची डावी कड जिथं संपते तिथं खुंटी ठोक आणि सुतळी सरळ कडेनं खिडकीतून आत ने. तशीच उजवी कड."

फौजेतला माणूस, नेमकं काम मिळालं की डोकं थंड होतं. त्यानं सुतळ्या खिडकीपर्यंत ताणल्या. लालासाहेबानं किल्ली लावून कुलूप काढलं. आम्ही आत गेलो आणि दारातच थांबलो.

पाऊस लागल्यापासून बंद खोली. पण खाली शेणानं सारवलेलं होतं, बोटांचे अर्धगोल अजून उमटलेले. जाळी-जळमट नाही. खिडकीची कडी काढून दोन्ही सुतळ्या आत घेतल्या; खोलीभर ताणल्यावर एकमेकींना जिथं भेटल्या तिथं मागच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला एक होल्डर होता. होल्डरात मोठा, नवाकोरा एलईडी बल्ब.

"हा आमचा न्हवं," लालासाहेब म्हणाला. मी बटण दाबलं. मोटरीच्या लाईनीवर बल्ब लख्ख पेटला आणि आम्ही सगळेच दचकलो.

शेतानं बोट दाखवलं होतं. एक शब्द न बोलता, कुठल्या भिंतीवर, कुठल्या उंचीला, हे सगळं त्यानं आपल्या अंगावर लिहून ठेवलं होतं.

ऋषिराजच्या डोक्यात मात्र दुसरंच पेटलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजे त्यानं तिला हितं कोंडून ठेवली. म्हैनाभर. माझी भन हितं कोंडलेली हुती आन् आमी नदीत गळ टाकत हुतो." तो दाराकडं वळला. त्याला अडवणं माझ्या वयाचं काम नव्हतं.

"ऋषिराज," क्षमाबाई म्हणाल्या, आवाज न चढवता. "जायच्या आधी तुझी बहीण कुठं बसायची ते बघून जा."

तो थांबला.

६

"हिरव्याच्या मधला तो पिवळा पट्टा," बाई म्हणाल्या. "तिथली रोपं वेळेवर पिकली. म्हणजे त्यांच्यावर उजेड पडत नव्हता. दिवा आणि शेत यांच्यामधे काहीतरी होतं आणि त्याची सावली रोज रात्री तिथंच पडत होती. आता त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना सुतळी लाव."

त्यानं लावली. या सुतळ्याही बल्बाकडं आल्या, आणि वाटेत खिडकीपासून हातभर आत त्यांच्यामधे एका माणसापुरती जागा राहिली. बाई खाली बसल्या, मांडी घालून, खिडकीकडं तोंड करून. त्यांचे दोन्ही खांदे सुतळ्यांना नेमके टेकले.

खिडकीतून समोर हिरवं शेत दिसत होतं आणि त्यात बाईंच्या समोर तो पिवळा पट्टा. ती सावली होती. माणसाची. सोनियाची. एका जागी, रोज, तासन्‌तास बसलेल्या पोरीची सावली पिकात उमटली होती. लालासाहेबानं भिंतीचा आधार घेतला. मला दिसेनासं झालं म्हणून मी चष्मा पुसला.

"ही जिवंत माणसाची सावली आहे," बाई म्हणाल्या. "इतकं न हलता माणूस कधी बसतं? पाठीमागं दिवा, मांडीवर पुस्तक. जड बॅगेत तीच होती. आणि कोंडलेली म्हणशील तर खिडकी बघ. जमिनीपासून वीतभर वर, गज नाहीत. कडी आतून. उठून गेली असती तर कुणी अडवलं नसतं. ती स्वतःहून बसली होती."

"पर मंग चप्पल?" लालासाहेबानं विचारलं.

"फाट्यावरून गावात न शिरता इथं यायचं तर नदीच्या काठानंच यावं लागतं. आषाढातल्या चिखलात चप्पल रुतली तर कोण काढत बसतं?"

ऋषिराजनं ओठांवरनं जीभ फिरवली. "पर भाईरनं कुलूप हुतं. किल्ली घरात."

"हो. म्हणून किल्लीवाला माणूस घरातलाच." बाई उठल्या आणि खिडकीतून वाकून खाली बोट दाखवलं. भिंतीच्या बुडाशी कांद्याच्या हिरव्या पातींचे चार-पाच झुबके वर आले होते. "कांदा चिरताना बुडखा टाकतो आपण. त्या बुडख्यात चकतीएवढं खोड असतं, आख्खा कांदा त्याच्यावर उभा असतो. ओल मिळाली की ते परत मुळं धरतं. खाणारा विसरतो, कांदा विसरत नाही. श्रावणात, या घरच्या शेतात, खिडकीत बसून कांदा कुणी खाल्ला? आणि म्हसोबाच्या नैवेद्यात कांदा घालून कुणी आणला?"

मी वळून वैनीकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मनुबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, ओझं उतरल्यावर येतो तसा थकवा होता.

"जित्या माणसाचं पान ठेवत न्हाईत," ती पुन्हा म्हणाली. या खेपेला मला त्याचा अर्थ कळला. ती आशा नव्हती, नुसती माहिती होती.

"कुठं हाय ती?" लालासाहेबाचा आवाज फुटला.

"पुण्यात. मैत्रिणीपाशी. फौजदारकीची परीक्षा हुती तिची, श्रावणाच्या शेवटाला. तुमी शिरवळवाल्यास्नी शबूद दिलासा. पोरगी माझ्या पायावर डोकं ठेवून रडली. मी म्हणलं, लग्नाची तारीख टळू दे, पेपर हू दे. मी खोली सारवली, बल्ब आणला, रोज डबा आणला. परीक्षेच्या आदल्या पहाटं मीच तिला यष्टीत बसवली. निकाल लागला की सांगणार हुते. फौजदार पोरीला कोण वडून आणंल?"

"आन् ज्ञानू?" मी विचारलं. "वैनी, त्या पोराला मारलं लोकांनी. आज तुमचा पोरगा त्याच्या जिवावर उठला हुता."

ती खाली बसली. "सोनियाला म्हाईत न्हाई त्यातलं काय. सांगितलं असतं तर पेपर टाकून पळत आली असती. मला वाटलं दोन दिस इचारतील आन् सोडतील. मंग लय वाढत गेलं. रोज म्हणायची, उद्या सांगू. जयराजभाऊजी, मी माझ्या लेकीचा इचार केला. दुसऱ्याच्या लेकराचा न्हाई केला. ह्येचं पाप माझ्या डोक्यावर हाय, मी न्हाई म्हणत न्हाई."

लालासाहेब तिला मारायला उठेल असं मला वाटलं. तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला. "जिती हाय," एवढंच म्हणत राहिला.

क्षमाबाई बाहेर गेल्या होत्या. मी मागोमाग गेलो. त्या हिरव्या रोपांत उभ्या होत्या, तळहातानं पानं चाळवत.

"कमाल केलीसा बाई," मी म्हणालो.

"मी काय केलं, पाटील? मी फक्त वाचलं. पन्नास वर्षं यांच्याकडं बघतेय, अजून रोज वाटतं, आपण यांना फार कमी ओळखतो. एक मुलगी इथं रात्रभर जागून अभ्यास करत होती. गावात एकाला पत्ता नाही. आणि यांनी फुलायचं थांबवलं."

मी त्यातल्या एका रोपाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा, कसलीही रोगराई बघायची नसताना.

७

ऋषिराज एकटा जायला तयार नव्हता. "आबा, तुमी चला," म्हणाला. चीनच्या सीमेवर उभा राहिलेला माणूस सुताराच्या दारात जायला घाबरत होता. कुदळ शेतातच राहिली.

कोंडीबानं दार उघडलं आणि ऋषिराजला बघून दारातच आडवा उभा राहिला. म्हातारा हाडकुळा, पण हलेना.

"कोंडीबा, सरक," मी म्हटलं. "पोरगी सापडली. जिवंत हाय. पुण्यात हाय. तुझ्या पोराचा काडीचा दोष न्हाई. उद्या ठाण्यात मी सवता लिहून देतो, आन् आज गावात दवंडी देतो."

म्हातारा तिथंच उंबऱ्यावर बसला. आतून ज्ञानू आला. ऋषिराज त्याच्या पायाशी वाकायला गेला, काहीतरी बोलत होता, माफी मागत होता, हातावरच्या पट्टीकडं बघत नव्हता. गणपतीत कुणी मारलं ते मग कुणाला विचारायची गरज उरली नाही. ज्ञानूचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता.

"खरंच जिती हाय?" त्यानं विचारलं.

"व्हय रं बाबा. परीक्षा दिलीय तिनं."

"तुमी बोललासा तिच्यासंगं?"

"आत्ताच. वैनीनं फोन लावून दिला. तुझं नाव घेऊन रडतीया."

ज्ञानू पायरीवर बसला आणि असा रडला की शेजारपाजारची दारं उघडली. कोंडीबा त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला.

"माझ्या डोक्यात एकच," ज्ञानू म्हणाला, हुंदक्यात शब्द तुटत होते. "म्हणलं, फाट्यावर सोडून आलो, गाडीत बसंपातुर थांबलो असतो तर वाचली असती. दोन म्हैनं ह्येच. सगळा गाव इचारत हुता, तू तिचं काय केलंस. ती गेली म्हणून मला कुणी रडू बी दिलं न्हाई."

ऋषिराजनं मान खाली घातली. मग तो त्याच्या शेजारी पायरीवर बसला.